तुम्हाला धंदा जमेल का? युद्धकाळातल्या वैमानिक चाचण्या आम्ही दुकानात करून बघितल्या



माझ्या प्रत्येक बॅचमध्ये पहिल्याच दिवशी एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मला धंदा जमेल का? खरं खरं सांगा." गेली सात वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर देत आले. समोरच्याशी दहा मिनिटं बोलायचं. आवाजात दम आहे का, हिशेबाला पक्का वाटतो का, नजरेला नजर देतो का, एवढं बघायचं आणि सांगून टाकायचं. चौदा वर्षं हार्डवेअरच्या काउंटरवर काढली आहेत, आता माणूस बघितला की कळतो, असा माझा ठाम समज होता.

तो समज या दिवाळीनंतर मोडला. कसा, ते आज सांगते. आणि त्यातून तुमच्या धंद्यासाठी काय घेता येईल तेही सांगते.

सुरुवात झाली माझ्या मावसभावापासून. वय २२. लहानपणापासून एकच स्वप्न, हवाई दलात पायलट व्हायचं. लेखी परीक्षा पास झाला, निवड केंद्रावर बोलावणं आलं, आणि सीपीएसएस नावाच्या चाचणीत अडकला. ही पायलटसाठीची संगणकावरची चाचणी. आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की उड्डाण शाखेचा दरवाजा कायमचा बंद. मावशीचा फोन आला, "जरा दुकानात बसव गं त्याला. घरात नुसता भिंतीकडं बघत बसतो."

आला. तीन दिवस गप्प होता. चौथ्या दिवशी शटर ओढताना म्हणाला, "ताई, एका मशीननं सांगितलं की मी नालायक आहे. आता दुसरं काय ऐकायचं?"

मला काय बोलावं सुचेना. कारण मीही तेच करते ना? फक्त माझ्याकडं मशीन नाही, माझी दहा मिनिटं आहेत.

त्या रात्री आम्ही दोघं शोधायला बसलो, की या चाचण्या मुळात आल्या कुठून? आणि सरळ दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोचलो.

इंटरव्ह्यूनं पायलट मिळेनात

मे १९४० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जाहीर केलं की देशाला वर्षाला ५० हजार विमानं बनवायची आहेत. विमानं कारखान्यात बनतील हो, पण चालवणार कोण? तोपर्यंत तिथं पायलटच्या उमेदवाराला दोन वर्षं कॉलेज झालेलं लागायचं. एवढी माणसं त्या अटीत मिळणं शक्यच नव्हतं. जानेवारी १९४२ मध्ये ती अट काढली आणि त्याजागी एक लेखी पात्रता परीक्षा आणली.

ब्रिटनमध्ये वेगळी अडचण. तिथं युद्धाआधी निवड मुख्यतः मुलाखतीवर चालायची. शाळा कुठली, खेळ कुठले खेळतोस, बोलतोस कसा. थोडक्यात माझी दहा मिनिटं, फक्त इंग्रजीतून.

आता चुकीचा माणूस निवडला तर काय होतं? आपल्याकडं फार तर दोन महिन्यांचा पगार जातो. तिथं शिक्षकाचे तास जायचे, पेट्रोल जायचं, विमान जायचं, आणि कधी कधी तो पोरगाही जायचा. म्हणून अमेरिकेच्या हवाई दलानं १९४१ मध्ये जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक मोठा कार्यक्रम सुरू केला.

त्यांनी सुरुवात कुठून केली ते बघा. चांगला पायलट कसा असतो यावर चर्चासत्र नाही घेतलं. प्रशिक्षणातून जे गळाले होते त्यांचे कागद काढले आणि वाचले. हा का गळाला? हात आणि पाय एकत्र चालत नव्हते म्हणून? अंतराचा अंदाज चुकायचा? एका वेळी दोन गोष्टींवर लक्ष राहत नव्हतं? त्यावरून कामाचे तुकडे पडले आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक चाचणी बनली. कागदावरच्या आणि यंत्रावरच्या मिळून वीसच्या आसपास.

शटर ओढून आमची परीक्षा

वाचता वाचता भाऊ म्हणाला, "ताई, यातल्या काही आपण करून बघूया?" चार दिवसांत तो पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी म्हणाला होता. मी लगेच हो म्हटलं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. आम्ही केल्या त्या खऱ्या चाचण्या नव्हेत, त्यांच्या घरगुती नकला. त्या गुणांवरून कुणी पायलट होत नाही आणि कुणी बादही होत नाही. रविवारी दुपारी आम्ही चौघं बसलो. मी, भाऊ, बिलिंगला असणारी मुलगी, आणि बाबांच्या काळापासून दुकानात असलेले काका.

पहिली, तक्ता वाचन. मूळ चाचणीत विमानातल्या घड्याळांसारख्या तबकड्यांचे आकडे वाचायचे आणि मोठ्या तक्त्यातून नेमका आकडा काढायचा, तोही भराभर. आम्ही आमचंच पाइप फिटिंगचं रेटकार्ड घेतलं. उभ्या ओळीत साइज, आडव्या ओळीत माल. पाऊण इंची एल्बो किती? सव्वा इंची युनियन किती? चाळीस प्रश्न, आठ मिनिटं. भावाचे ३८ बरोबर. बिलिंगच्या मुलीचे ३१. माझे २४. काकांचे १७. काका वैतागून म्हणाले, "पोरी, मला रेट तोंडपाठ आहेत. तक्ता कशाला वाचू?"

दुसरी, आकार ओळखणं. मूळ चाचणीत विमानांच्या काळ्या आकृत्या असायच्या, वेगवेगळ्या कोनातून. त्यातून त्याच विमानाची जोडी शोधायची. आम्ही फिटिंगच्या सावल्या कागदावर गिरवल्या, काही उलट्या, काही तिरक्या. २० आकृत्या. काकांनी विसाच्या वीस ओळखल्या, आम्हा सगळ्यांच्या अर्ध्या वेळात. सव्वीस वर्षं त्याच फळीवरून माल काढतायत. मला दोन वेळा टी आणि रिड्युसर टीमधला फरक कळला नाही. मालकीणबाई!

तिसरी, दोन्ही हात. मूळ यंत्रात दोन मुठी. एक फिरवली की काटा डावी-उजवीकडं जातो, दुसरी फिरवली की पुढं-मागं. दोन्ही एकत्र फिरवून सरकत्या ठिपक्यावर काटा धरून ठेवायचा. आमच्याकडं माझ्या मुलाचं खेळणं होतं, दोन गोल बटणं फिरवून पाटीवर रेघ काढायचं. एक बटण आडवी रेघ, एक उभी. त्यावर वर्तुळ काढायचं. करून बघा कधीतरी, घाम फुटतो. माझं वर्तुळ चपटं दगडासारखं आलं. भावाचं बरं होतं, फार नाही. बिलिंगच्या मुलीनं पहिल्याच फटक्यात गोल वर्तुळ काढलं. आम्ही बघतच राहिलो. ती म्हणाली, "मी घरी शिलाई मशीन चालवते ना मॅडम. हात वेगळे, पाय वेगळे चालतात."

ही तीच मुलगी. इंटरव्ह्यूला आली तेव्हा मान वर करत नव्हती, म्हणून मी तिला जवळजवळ नाही म्हणणार होते.

चौथी, फिरता ठिपका. मूळ यंत्रात फिरणाऱ्या तबकडीवर धातूचा एक ठिपका असतो, त्यावर सळई टेकवून धरायची. त्यातच कधी कधी दुसऱ्या हाताला वेगळं काम दिलं जायचं. आम्ही बाबांचा रेकॉर्ड प्लेअर काढला, तबकडीवर रुपयाएवढा कागद चिकटवला आणि त्यावर पेन्सिलचं मागचं टोक धरलं. तेवढ्यात भाऊ ओरडणार "लाल" किंवा "हिरवा", आणि आपण दुसऱ्या हातानं त्या रंगाचा डबा दाबायचा. काउंटरवर मी एका वेळी तीन गिऱ्हाईकं सांभाळते, फोन घेते, उधारी लिहिते, असं मी सगळ्यांना अभिमानानं सांगते. इथं माझा नंबर शेवटचा आला.

दुपार संपली तेव्हा चार चाचण्यांमध्ये तीन वेगवेगळे पहिले नंबर होते. आणि मी, जी लोकांना धंदा जमेल का ते सांगते, एकातही पहिली नव्हते.

एकच पेपर, तीन निकाल

आता या कार्यक्रमातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. उमेदवार सगळ्या चाचण्या एकदाच द्यायचा. पण त्याला एकच निकाल नव्हता. त्याच गुणांची तीन वेगळी गणितं मांडली जायची. एक पायलटसाठी, एक नॅव्हिगेटर म्हणजे विमानाला दिशा दाखवणाऱ्यासाठी, आणि एक बॉम्बार्डियर म्हणजे नेम धरून बॉम्ब टाकणाऱ्यासाठी. पायलटच्या गणितात हातापायाच्या ताळमेळाला वजन जास्त. नॅव्हिगेटरच्या गणितात आकडेमोड आणि तक्ता वाचनाला वजन जास्त. प्रत्येक गणिताचा निकाल १ ते ९ मध्ये, त्याला ते स्टॅनाइन म्हणायचे.

म्हणजे एकाच माणसाला पायलट म्हणून ३ आणि नॅव्हिगेटर म्हणून ८ मिळू शकत होते. "हा पोरगा हुशार आहे का?" हा प्रश्नच नव्हता. "कुठल्या कामाला?" हा प्रश्न होता.

भावानं हे वाचलं आणि बराच वेळ स्क्रोल करायचा थांबला. मी काही बोलले नाही. उगाच उपदेश नको.

आपल्याशी याचं नातं आहे बरं का. आपल्या हवाई दलात सीपीएसएसच्या आधी पीएबीटी नावाची चाचणी होती. आपल्या भागातल्या बऱ्याच पोरांनी दिलेली असेल. त्यात दांडी आणि पायातल्या पट्ट्या वापरून ठिपका मधोमध धरून ठेवायचा एक भाग होता, एसएमए नावाचा. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलाकडं याच नावाचं आणि असंच काम करून घेणारं यंत्र होतं.

चाचणीचीच चाचणी

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. पुढचं वाचलं आणि माझी झोप उडाली.

या लोकांनी नुसती चाचणी बनवून पाटी लावली नाही. प्रत्येक उमेदवाराचे गुण जपून ठेवले आणि तो पुढं प्रशिक्षणात टिकला की गळाला हे ताडून बघितलं. पायलटच्या प्राथमिक प्रशिक्षणात ९ गुण असलेल्यांपैकी सुमारे ४ टक्के गळाले. १ गुण असलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के. गळण्याची कारणं म्हणजे विमान जमलं नाही, भीती वाटली, किंवा स्वतःहून सोडलं.

तरीही त्यांचं समाधान झालं नाही. १९४३ मध्ये त्यांनी एक हजाराहून जास्त उमेदवार असे घेतले की चाचणीत पास असो की नापास, सगळ्यांना सरळ पायलटच्या प्रशिक्षणाला पाठवलं. ऐन युद्धात! का? तर नापासांना आपण आत जाऊच दिलं नाही, तर ते खरंच नापास झाले असते का हे कळणार कसं? तळाच्या गुणांचे फार थोडे शेवटपर्यंत पोचले. चाचणी खरी ठरली. पण ती खरी ठरली हे त्यांनी तपासून मग सांगितलं.

मी कधी तपासलं होतं?

माझ्याकडं जुनी रजिस्टरं आहेत. प्रत्येक नावापुढं मी पेन्सिलनं लिहून ठेवते, "हो", "नाही" किंवा नुसतं प्रश्नचिन्ह. २०१९ च्या बॅचचं रजिस्टर काढलं. २४ जण होते. ९ जणांपुढं "हो", ६ जणांपुढं "नाही". सोमवारपासून रोज दुपारी फोन लावायला बसले.

"हो" वाले ८ जण फोनवर मिळाले. त्यातल्या ४ जणांचा धंदा चालू आहे. "नाही" वाले ५ जण मिळाले. त्यातल्या ३ जणांचा चालू आहे.

आकडे छोटे आहेत, मध्ये कोरोना येऊन गेला, त्यामुळं यावरून मोठा सिद्धांत मांडणार नाही. पण माझ्या पेन्सिलीला काही कळत होतं असं त्या कागदावर कुठंही दिसत नाही.

त्या तिघांतल्या एक ताई चटण्या आणि मसाले करतात. अतिशय हळू बोलायच्या, भाव सांगतानाही लाजायच्या. मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "ताई, विक्री तुमचं काम नाही." फोनवर त्या अगदी नीट बोलल्या, चौकशी केली. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमचं ऐकून मी वर्षभर थांबले होते. मग मुलीच्या फीची वेळ आली, तेव्हा केलं सुरू."

वर्षभर. माझ्या दहा मिनिटांची किंमत त्यांनी एक वर्ष भरली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो." पण ते जात नाही.

मग चाचणी घ्यायची की नाही?

घ्यायचीच. पण तीन गोष्टी लक्षात ठेवून.

एक, चाचणी गटाबद्दल सांगते, एकट्या माणसाबद्दल नाही. १ गुणवाल्या शंभरातले २३ टिकलेच ना? आणि ९ गुणवाल्यांतले ४ गळालेच ना? जिथं जागा थोड्या आणि चुकीची किंमत जीव आहे, तिथं हवाई दलाला रेघ ओढावीच लागते. पण ती रेघ त्या कामासाठी असते. माणसाच्या लायकीवरची नसते.

दोन, ती ठरावीक गोष्टच सांगते. हे गुण प्रशिक्षणाचा अंदाज चांगला द्यायचे. पुढं प्रत्यक्ष लढाईत कोण कसा निघेल, ते सांगायला तितके कामाचे ठरले नाहीत. कोर्समध्ये पहिला येणारा बाजारात पहिला येईलच असं नाही, हे तर आपण रोज बघतो.

तीन, सगळ्यात चांगली चाचणी म्हणजे ते कामच, छोट्या मापात. ब्रिटिशांनी १९४२ च्या सुमारास हेच केलं. उमेदवाराला टायगर मॉथ या छोट्या विमानात सुमारे १२ तास प्रत्यक्ष उडवून बघायचे आणि मग ठरवायचे, पायलट की दुसरं काम.

आता हे आपल्या दुकानात कसं आणायचं? मी या महिन्यापासून असं सुरू केलंय.

१. आधी गळालेल्यांची यादी. आजवर कामावरून कोण कोण गेलं आणि नेमकं कशामुळं? "चांगला नव्हता" असं लिहायचं नाही. "स्टॉक मोजताना चुकायचा", "उधारी मागायला लाजायचा", असं लिहायचं. तुमच्या कामाचे तुकडे तिथंच सापडतील.

२. प्रत्येक तुकड्याला एक छोटं काम. माझ्याकडं रेटकार्डचे २० प्रश्न, मिसळलेल्या खोक्यातून अर्ध्या इंचाचे आणि चार सूतचे तुकडे वेगळे करणं (सापळा आहे, दोन्ही एकच माप!), आणि एका चिडलेल्या गिऱ्हाईकाचा माल बदलून देणं. सगळ्यांना तेच काम, तेवढाच वेळ, गुण तिथल्या तिथं कागदावर.

३. दोन दिवस काउंटरवर, पगार देऊन. आपले १२ तास. फुकट राबवून घेऊ नका. चाचणीच्या नावाखाली फुकट काम करून घेतलं तर चांगला माणूस दुसऱ्या दिवशी येणारच नाही.

४. एकाच कागदावर दोन-तीन कामांची गणितं. काउंटरला कमी पडला तर गोडाऊनला बसतो का? बिलिंगला? नाही म्हणण्याआधी एवढं बघायचं.

५. अंदाज लिहून पाकिटात बंद. सहा महिन्यांनी उघडायचं. चुकलात तर चाचणी बदला.

आणि ज्यांना स्वतःचा धंदा सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी, त्याच युद्धातला एक किस्सा. उमेदवारांना त्यांच्या आयुष्याबद्दलही प्रश्न विचारले जायचे. पुढं मानसशास्त्रज्ञांमध्ये असं सांगितलं जायचं की त्यातला एकच प्रश्न जवळजवळ सगळ्या चाचण्यांच्या तोडीचा निघाला. प्रश्न असा, की तुम्ही कधी असं खेळण्यातलं विमान बनवलंय का, जे खरंच उडालं?

आता मला कुणी विचारलं, "मॅडम, जमेल का?" तर मी सांगत नाही. मी विचारते, "आजवर काही विकलंय का, जे खरंच विकलं गेलं?" दहा पणत्या असतील, सोसायटीत चार डबे असतील. नसेल विकलं, तर पंधरा दिवसांत पाचशे रुपयांचा माल घ्या, विकून दाखवा, वही घेऊन या. मग आपण दोघं मिळून ती वही बघू.

भावाचं म्हणाल तर तो अजून दुकानात येतो, साडेनऊला. गोडाऊनच्या फळ्यांचा नकाशा काढलाय त्यानं, तक्त्यासकट. आता कुठल्या फळीवर काय आहे ते काकांना विचारावं लागत नाही, म्हणून काका थोडे नाराज आहेत. हवाई दलाच्या जमिनीवरच्या शाखेचा फॉर्म भरायचा की नाही, ते अजून त्यानं ठरवलेलं नाही. मला विचारलं होतं त्यानं, "ताई, तुला काय वाटतं, जमेल का मला?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत. फॉर्म भर, मग कळेल."

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर तुमच्या गळालेल्यांची यादी काढून ठेवा.